ज्यांचे कोणी उरले नाही, त्यांचे आपण



नोव्हेंबर हा मृतांचा महिना. १ तारखेला आपण सर्व संतांचा सण साजरा करतो आणि २ तारखेला सर्व मृत भाविकांचे स्मरण करतो. या महिन्याच्या पहिल्या आठ दिवसांत जो भाविक दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करतो, त्याला मृतांसाठी अर्पण करता येईल अशी पूर्ण दंडमाफी ख्रिस्तसभा देते. म्हणून दरवर्षी या दिवसांत दफनभूमीत वर्दळ वाढते. चार महिन्यांच्या पावसाने माजलेले गवत कापले जाते, घाणेरीची झुडपे उपटली जातात, क्रुसांना चुना किंवा रंग लागतो. संध्याकाळी मिस्सा झाल्यावर फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि घरोघरची माणसे आपापल्या कबरीशी मेणबत्त्या लावून उभी राहतात. ही आपली फार चांगली परंपरा आहे.

पण त्याच संध्याकाळी काही कबरींशी कोणीच उभे नसते. दगड खचलेला असतो, क्रूस एका बाजूला कललेला असतो, अक्षरांत शेवाळ भरलेले असते. खटपट करून नाव वाचले तरी ओळख पटत नाही. ते कुटुंब केव्हाच गाव सोडून गेलेले असते, किंवा त्या घरात दिवा लावायला कोणी उरलेले नसते. अशा कबरी कोणाच्या?

हा प्रश्न व्यवहाराच्या रूपानेही समोर येतो. आपल्या भागात आता गुंठ्याचा भाव ऐकला की छाती दडपते. बंगले आणि हॉटेले यांच्यासाठी जमीन मिळते, दफनासाठी नवी जमीन मिळवणे मात्र फार कठीण. अशा वेळी कोणीतरी सरळ विचारतो, “पन्नास-शंभर वर्षांत ज्यांच्याकडे कोणी फिरकले नाही, त्यांच्यासाठी जागा किती दिवस अडवून ठेवायची?” असे विचारणारा माणूस निर्दय नसतो. त्याच्या घरात म्हातारी आई असते आणि उद्या तिला कुठे ठेवायचे याची त्याला काळजी असते. त्याला रागावून चालणार नाही. नीट विचार करून उत्तर दिले पाहिजे.

घाटाने आणलेली माणसे

आपल्या परिसरात ख्रिस्ती दफनभूमी का आहेत, हे समजून घ्यायचे तर घाटाकडे पाहावे लागते. मावळ हा मूळचा भातखाचरांचा आणि गडकिल्ल्यांचा मुलूख. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे ही रेल्वे सुरू झाली, पण मधला घाट अजून बाकी होता. मुंबईकडून येणारे प्रवासी घाटाखाली उतरत, पालखीतून वर येत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. घाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये हाती घेतले गेले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १६ मैलांची वाट, १८३१ फुटांचा चढ आणि २५ बोगदे. १८६१ च्या सुमारास या कामावर एका वेळी ४२,००० माणसे होती.

हे काम माणसांच्या जिवावर उभे राहिले. सुरुंगाने, कड्यावरून पडून आणि सर्वांत जास्त पटकी आणि तापाने माणसे मेली. आजाराने मालक आणि मजूर असा भेद केला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल परक्या देशात विधवा झाली, तरी तिने कंत्राट सोडले नाही. जाणत्या अभियंत्यांना हाताशी धरून तिने ते पुरे करून घेतले. तिचे आणि तिच्या पतीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्याच डोंगरात मेलेल्या मजुरांपैकी बहुतेकांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत.

पुढे लोणावळा रेल्वेचे गाव झाले. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फिटर अशी माणसे वेगवेगळ्या मुलखांतून येऊन राहिली. त्यानंतर टाटांनी वळवण, शिरवटा आणि लोणावळा ही धरणे बांधली आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली. १९४५ मध्ये नौदलाचे शिवाजी हे प्रशिक्षण केंद्र इथे सुरू झाले. मठ आले, शाळा आल्या, हवापालटासाठी येणाऱ्यांचे बंगले आले आणि ते सांभाळणारी कुटुंबे आली. या प्रत्येक कामाने माणसे आणली आणि त्यांत ख्रिस्ती माणसेही होती. कोणी घरात कोकणी बोलत असे, कोणी तमिळ, कोणी इंग्रजी, कोणी मराठी. ही सगळी एका वेदीभोवती जमली आणि त्यांतून या भागातले आपले समाज तयार झाले.

पण नोकरी बदलीची होती. १९३० च्या आसपास घाटात विजेची गाडी धावू लागली आणि कोळशाच्या इंजिनाचे दिवस संपत आले. १९४७ नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला गेली. बाकीच्यांची मुले पुण्या-मुंबईला स्थिरावली. जाताना लोकांनी भांडीकुंडी नेली, फोटो नेले, घरातली येशूची तसबीर नेली. नेता आले नाहीत ते त्यांचे मृत. ते इथेच राहिले.

अब्राहामाची पहिली जमीन

पवित्र बायबलमध्ये उत्पत्तीच्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय आहे. रविवारच्या वाचनात तो क्वचित येतो आणि घरी वाचताना आपण तो भरभर उलटून पुढे जातो. त्यात एका जमिनीच्या सौद्याची हकीकत आहे. सारा मरण पावते. अब्राहाम तिच्यासाठी रडतो आणि मग हित्ती लोकांकडे जाऊन, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला माझ्या मृताला पुरायला जागा द्या, अशी विनंती करतो. एफ्रोन नावाचा मालक शेत आणि त्यातली गुहा फुकट द्यायला तयार होतो. अब्राहाम फुकट घेत नाही. गावच्या वेशीत, सर्वांच्या देखत, तो ४०० शेकेल चांदी तोलून देतो आणि मकपेलाची गुहा विकत घेतो.

देवाने अब्राहामाला सगळा देश देण्याचे वचन दिले होते. प्रत्यक्षात त्याच्या मालकीची झालेली तिथली पहिली जमीन एक कबर होती. त्याने घर बांधले नाही, तो तंबूत राहिला. पण सारेला मातीत ठेवल्यावर तो त्या देशाचा झाला.

आपल्या पूर्वजांचेही असेच झाले. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणारा माणूस आज आहे, उद्या नाही. घर सरकारचे, नोकरी सरकारची. पण ज्या दिवशी त्याने आपले तान्हे मूल किंवा म्हातारा बाप इथल्या मातीत ठेवला, त्या दिवसापासून तो निव्वळ पाहुणा राहिला नाही. चर्चमध्ये आपण दर रविवारी एकत्र येतो, ते जिवंतांचे एकत्र येणे. दफनभूमीत पिढ्या एकत्र येतात. इथे आपण कोण, आपल्या आधी कोण होते आणि आपण कोणाच्या श्रद्धेवर उभे आहोत, हे तिथे गेल्यावर कळते. धर्मग्रामाची दफनभूमी हे त्याचे पहिले जन्मपत्र आहे.

जिवंतांचा हक्क

तरीही त्या काळजीने विचारणाऱ्या माणसाचा प्रश्न शिल्लक राहतो. मृतांना आता काय हवे आहे? त्यांचा आत्मा देवाच्या हाती आहे. दगड राहिला काय आणि गेला काय, त्यांना काय फरक पडतो? तेवढ्याच पैशांत एखाद्या मुलाची फी भरता येईल, एखाद्या आजारी माणसाला औषध देता येईल. खुद्द प्रभू येशूने एका शिष्याला, मृतांना पुरण्याचे काम मृतांवर सोपवून माझ्या मागे ये, असे सांगितले होते ना?

प्रभूच्या त्या बोलण्याचा रोख आज्ञापालन पुढे ढकलण्यावर होता. मृतांचा अनादर करा असे त्याने कधी शिकवले नाही. लाजराच्या कबरीपाशी तो स्वतः रडला. बेथानीच्या स्त्रीने त्याच्यावर महागडे सुगंधी तेल ओतले तेव्हा, हे विकून गरिबांना देता आले असते, अशी तक्रार झाली. आपण वर केली ती आणि ही तक्रार जवळपास एकच आहे. त्या वेळी प्रभूने गरिबांना विसरायला सांगितले नाही, पण आपल्या दफनाची तयारी करणाऱ्या त्या स्त्रीला दोषही दिला नाही. उलट तिची आठवण जगभर राहील असे सांगितले.

या विषयावर संत ऑगस्टिन यांनी इ.स. ४२१ च्या सुमारास एक छोटे पुस्तकच लिहिले. नोला गावचे बिशप संत पॉलिनस यांनी त्यांना विचारले होते: एका आईने आपल्या मुलाला संत फेलिक्स यांच्या मंदिरात पुरले आहे, संताजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो का? ऑगस्टिन यांचे उत्तर प्रांजळ आहे. दफनाचा थाटमाट मृतांना मदत करण्यापेक्षा जिवंतांचे सांत्वन करतो, असे ते म्हणतात. कबर मिळाली नाही म्हणून कोणाही नीतिमान माणसाचे देवाकडे काही बिघडत नाही. मृताला उपयोग होतो तो प्रार्थनेचा, वेदीवरच्या बलिदानाचा आणि दानधर्माचा. पण ते एवढ्यावर थांबत नाहीत. वडिलांची अंगठी किंवा अंगरखा मुलांना प्रिय असतो. शरीर तर कपड्यापेक्षा कितीतरी जवळचे, पवित्र आत्म्याने सत्कृत्यांसाठी वापरलेले साधन. त्याचा अनादर कसा करावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

ऑगस्टिन यांना हे घरातूनच कळले होते. त्यांची आई संत मोनिका यांनी आफ्रिकेत आपल्या पतीशेजारी स्वतःसाठी कबर तयार करवून ठेवली होती. पण ३८७ मध्ये परतीच्या वाटेवर ओस्तिया बंदरात त्यांना मरण आले. तेव्हा शरीर कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच त्यांनी मागितले. परक्या गावी मरण पावलेल्या सर्वांच्या वतीने त्या बोलल्या असे वाटते. आपल्या जुन्या कबरींतले लोकही असेच वाटेवर थांबलेले आहेत. त्यांना संगमरवर नको. त्यांना वेदीपाशी आठवण हवी.

तेव्हा जिवंतांचा हक्क खरा आहे आणि तो नाकारू नये. कोणाही माणसाला जमिनीचा तुकडा कायमचा मिळेल असे आश्वासन ख्रिस्तसभेने दिलेले नाही. मुंबईच्या अनेक धर्मग्रामांत ठरावीक काळानंतर कबर पुन्हा उघडतात आणि अस्थी आदराने भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. युरोपातल्या जुन्या चर्चजवळ अस्थिगृहे आहेत. यात पाप नाही. १९६३ पासून ख्रिस्तसभेने दहनालाही परवानगी दिली आहे. मात्र २०१६ च्या सूचनापत्रात तिने स्पष्ट केले की रक्षा घरात ठेवू नये, वाटून घेऊ नये, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नये; ती पवित्र जागी ठेवावी. कारण मृत माणूस एका कुटुंबाची खासगी बाब नाही. तो साऱ्या ख्रिस्ती समाजाचा आहे आणि समाजाने त्याच्यासाठी प्रार्थना केली पाहिजे.

परक्यांचे शेत

खरा धोका जागा पुन्हा वापरण्यात नाही. सुरुवात कोणापासून करायची, हे ठरवताना आपण घसरू शकतो. ज्या कबरीचे नातेवाईक हजर आहेत, जे सभेत बोलू शकतात, ज्यांनी फरशी बसवली आहे, त्यांच्या कबरीला हात लावायला कोणी धजत नाही. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, त्याची कबर सहज हलवता येते. मग दफनभूमीतही तेच होते जे बाहेर रस्त्यावर होते: ज्याचे कोणी नाही तो आधी उठवला जातो. गरीब माणूस जिवंतपणी भाड्याच्या खोलीत राहिला आणि मेल्यावरही त्याचे भाडे थकले म्हणून त्याला काढले, असे आपल्या हातून होऊ नये. नियम करायचा तर तो वर्षांवर करावा आणि सर्वांना सारखा लावावा. नातेवाईकांचे वजन पाहून करू नये.

मत्तयच्या शुभवर्तमानात एका दफनभूमीची कथा आहे. यहूदा इस्कार्योताने पश्चात्तापाने चांदीची तीस नाणी मंदिरात फेकून दिली. रक्ताचे मोल म्हणून मुख्य याजकांनी ती खजिन्यात ठेवली नाहीत. त्यांनी त्या पैशांतून कुंभाराचे शेत विकत घेतले, परक्यांना पुरण्यासाठी. याजकांना बहुधा फक्त तो पैसा हातावेगळा करायचा होता. पण प्राचीन धर्मपंडितांनी या घटनेत मोठा अर्थ पाहिला: ख्रिस्ताच्या रक्ताच्या मोलाने परक्यांना विसाव्याची जागा मिळाली. ज्याला स्वतःची कबरही नव्हती, ज्याला अरिमथाईकर योसेफाच्या कबरीत ठेवावे लागले, त्या प्रभूच्या मोलाने.

परक्याच्या कबरीला मान द्यावा, हे आपल्या मावळच्या मातीलाही जुने आहे. भाजे लेण्यांत दगडात कोरलेल्या १४ लहान स्तूपांचा एक समूह आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे राहिलेल्या बौद्ध भिक्षूंनी आपल्या वडीलधाऱ्या स्थविरांच्या स्मरणार्थ ते कोरले आणि काहींवर त्यांची नावेही लिहिली. त्या भिक्षूंना मुले-नातवंडे नव्हती. त्यांची आठवण त्यांच्या संघाने ठेवली. गावोगावच्या वेशीवर आणि देवळांपाशी वीरगळ उभे आहेत. त्यांतल्या बहुतेक वीरांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत, तरी गावकरी त्या दगडाला पाय लावत नाहीत.

वडगावची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज पुण्यावर चालून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा इंग्रज अधिकारी मारला गेला. पुढे वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडून तह करायला लावला. म्हणजे स्टुअर्ट शत्रूचा माणूस, आणि तोही हरलेल्या बाजूचा. पण मराठ्यांनी त्याचे शौर्य पाहिले होते. त्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि पेशवाईतल्या नामांकित फाकड्यांच्या यादीत त्याची गणना केली. वडगावात त्याची म्हणून दाखवली जाणारी समाधी लोक आजही मानतात. त्याचे रक्ताचे नाते इथे कोणाशीच नाही, धर्म वेगळा, देश वेगळा, तो आलाही शत्रू म्हणून. आणि त्याच्या दगडापुढे मावळातला माणूस हात जोडतो. शत्रूच्या कबरीला शेजारी एवढा मान देतात, तर आपल्याच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतलेल्या माणसाच्या कबरीविषयी आपण काय म्हणावे?

प्रत्येक कबर जागेवर टिकवता आली नाही तरी नाव टिकवता येते, याचे उदाहरण खडकीला आहे. तिथल्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे निगा राखण्याची खात्री नव्हती, तिथल्या कबरी इथे आणल्या गेल्या. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. त्यांच्या कबरी दूर दूरच्या छावण्यांच्या दफनभूमींत होत्या आणि त्या सांभाळणे शक्य राहिले नव्हते. म्हणून त्यांची नावे एकत्र आणून कोरली गेली.

सातवे कृत्य

दयेची सात शारीरिक कृत्ये आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहेत. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची शुश्रूषा, बंदिवानाची भेट. ही सहा प्रभूने शेवटच्या न्यायाच्या बोधात सांगितली. मृतांना पुरणे हे सातवे ख्रिस्तसभेने तोबितच्या पुस्तकातून घेतले. तोबित निनवेत बंदिवासात होता. आपल्या लोकांची रस्त्यावर टाकलेली प्रेते तो रात्री उचलून पुरत असे. त्यासाठी त्याची मालमत्ता गेली, जीव धोक्यात आला. एकदा सणाच्या दिवशी, ताटावर बसलेला असताना, तो घास न घेता उठला आणि एका अनोळखी माणसाचे प्रेत उचलायला गेला. शेजारी त्याला हसले.

पहिल्या सहा कृत्यांत आणि या सातव्यात एक फरक आहे. भुकेल्याला जेवू घातले तर तो दोन चांगले शब्द बोलतो. आजाऱ्याला भेटलो तर तो बरा होऊन उद्या आपल्या उपयोगी पडेल. मृत माणूस काहीच देऊ शकत नाही, आभारही मानू शकत नाही. त्यात तो मृत आपल्या ओळखीचा नसेल, त्याचे नातलग नसतील, तर आपण काय केले हे बघणारेही कोणी नसते. म्हणून आपली दया खरी आहे की देण्याघेण्याचा व्यवहार आहे, हे अशा कबरीपाशी कळते. प्रभूने सांगितले आहे की जेवणाला अशांना बोलवा ज्यांना परतफेड करता येत नाही. बेवारस कबरीतल्या माणसाइतका परतफेडीला असमर्थ दुसरा कोण असेल?

आणि जो हे शिकला तो जिवंतांनाही विसरत नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाचा अनुभव असाच होता. इ.स. १९७ च्या सुमारास तर्तुलियन यांनी लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती लोक आपला सामाईक निधी गरिबांना खाऊ घालण्यासाठी आणि गरिबांना पुरण्यासाठी वापरतात. दोन्ही कामे एकाच पेटीतून होत. चौथ्या शतकात सम्राट जुलियन ख्रिस्ती श्रद्धेचा विरोधक होता. त्यानेही एका पत्रात कबूल केले की परक्यांशी दयाळूपणा आणि मृतांच्या कबरींची काळजी यांमुळे या लोकांचा धर्म वाढला. आमचा अनुभवही असाच आहे की जो माणूस अनोळखी कबरीवरचे गवत काढतो, तोच बहुधा शेजारच्या एकट्या म्हातारीची चौकशी करायला जातो.

शेवटी हा आपल्याही उद्याचा प्रश्न आहे. आज ज्या कबरींशी चार-चार मेणबत्त्या पेटतात, त्या घरांतली मुले कुठे आहेत? कोणी बंगळूरला, कोणी दुबईला, कोणी मेलबर्नला. ती कष्टाने पुढे गेली याचा आपल्याला अभिमान आहे. पण आणखी चाळीस वर्षांनी आपल्या नावाच्या दगडाशी कोण उभे राहील? तेव्हा या धर्मग्रामात जे कोणी असतील, ते. आज जे आपण परक्यांसाठी करू, तेच पाहून ते आपल्यासाठी करायला शिकतील.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, नावे. कॅनन लॉप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्यांबरोबर मृतांची नोंदवही असावी लागते आणि दफनानंतर तिच्यात नोंद करावी लागते. दगड आणि वही एकमेकांशी ताडून पाहता येतील. आपल्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. प्रत्येक पावसाळ्यात थोडी अक्षरे जातात. आज वाचता येणारे नाव दहा वर्षांनी वाचता येईलच असे नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनी एक शनिवार वही-पेन्सिल घेऊन यावे आणि वाचता येतील ती नावे व तारखा उतरवून घ्याव्यात, फोटो काढावेत. झिजलेल्या अक्षरांवर टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा टाकला की ती उठून दिसतात. दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावेत. अ‍ॅसिड आणि तारेचा ब्रश वापरू नये, त्याने उरलेली अक्षरेही जातात.

दुसरी गोष्ट, सोबत. यंदा मेणबत्त्या घेताना प्रत्येक घराने एक जास्त घ्यावी. आपल्या कबरीपाशी प्रार्थना झाली की शेजारच्या अंधाऱ्या कबरीपाशी जावे, मुलांना बरोबर न्यावे, नाव वाचता आले तर मोठ्याने वाचावे. वाचता आले नाही तरी देवाला ते ठाऊक आहे. घाटात मेलेल्या त्या निनावी मजुरांसाठीही एक प्रार्थना करावी. त्यांतले बहुतेक आपल्या धर्माचे नव्हते. पण ज्या बोगद्यांतून आपली गाडी रोज जाते, ते त्यांनी खोदले आहेत.

तिसरी गोष्ट, नियम. जागेचा प्रश्न येईल तेव्हा तो सर्वांनी मिळून, प्रमुख धर्मगुरूंच्या आणि धर्मप्रांताच्या मार्गदर्शनाने सोडवावा. जी कबर उघडावी लागेल, तिचे नाव आधी वहीत आणि एका सामाईक फलकावर जावे, अस्थी आशीर्वादित जागी आदराने ठेवाव्यात आणि त्या व्यक्तीसाठी एक मिस्सा अर्पण व्हावी. असे केले तर म्हाताऱ्या आईची काळजी करणाऱ्या त्या मुलाला जागा मिळेल आणि जुन्या माणसावर अन्यायही होणार नाही. त्या मुलालाही खात्री वाटेल की उद्या त्याच्या आईला इथून हलवायची वेळ आली, तर तिलाही असेच सांभाळले जाईल.

दर रविवारी आपण विश्वासांगीकारात देहाच्या पुनरुत्थानावर आणि संतांच्या ऐक्यावर श्रद्धा असल्याचे म्हणतो. ग्रीक भाषेत ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीसाठी जो शब्द निवडला, त्याचा अर्थ झोपण्याची जागा असा होतो. झोपलेला माणूस उठणार असतो. ज्या सकाळी प्रभू सर्वांना हाक मारील, त्या सकाळी इथे कोकणी, तमिळ, इंग्रजी, मराठी बोलणारी माणसे शेजारी शेजारी उठतील आणि कोण कोणाचा नातलग होता हे विचारायची गरज उरणार नाही. तोवर त्यांची राखण आपल्याकडे आहे.

प्रभू सर्व मृत भाविकांना, विशेषतः ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला कोणी नाही अशांना, आपल्या शांतीत घेवो. आमेन.